रोह्याचे वेळापत्रक आणि विम्याचे ७२ तास

डिसेंबर लागला की बार्शीटाकळी तालुक्यातल्या वावरांचे रूप बदललेले असते. मूग-उडीद कधीच घरी आलेला असतो, सोयाबीनची सोंगणी होऊन दोन महिने उलटलेले असतात. पऱ्हाटीची पाने लाल पडू लागलेली, धुऱ्यावरचे गवत वाळून करकरीत झालेले. या पिवळ्या-तपकिरी रानात हिरवी उभी असते ती फुला-शेंगांवर आलेली तूर, आणि जिथे ओलिताची सोय आहे तिथला हरभरा. महानच्या धरणाभोवती पसरलेल्या काटेपूर्णा अभयारण्याच्या आसपासच्या गावांत याच दिवसांत रात्रीची जागल सर्वात कडक असते. कारण जे आपल्याला हिरवे दिसते, ते रोह्यालाही दिसते.

या जागलीला यंदा एका सरकारी निर्णयाचा संदर्भ आहे. वन्यप्राण्यांच्या हल्ल्यामुळे होणारे पिकाचे नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक जोखीम म्हणून घेतले जाईल, असे केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. हे संरक्षण २०२६ च्या खरिपापासून लागू होणार आहे. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे त्यात घ्यायचे, हे राज्यांनी ठरवायचे. शेतकऱ्याने नुकसान झाल्यापासून ७२ तासांत पीक विम्याच्या ॲपवर, ठिकाणाची नोंद असलेल्या छायाचित्रांसह, तक्रार करायची.

अनेक वर्षांची मागणी मान्य झाली, हे चांगलेच. पण ७२ तासांची ही मुदत गारपीट किंवा ढगफुटी डोळ्यासमोर ठेवून घातलेली असते. गारपीट एकदा होते, तिला तारीख असते. रोही तसा येत नाही. तो महिना-दीड महिना रोज येतो आणि रोज थोडे थोडे खातो. त्याचे नुकसान कोणत्या पिकात, कोणत्या अवस्थेत आणि किती होते, हे नीट समजून घेतल्याशिवाय विम्याचा नियम वावरात उतरणार नाही.

हरिण वेगळे, रोही वेगळा

बोलताना आपण सगळ्यांनाच ‘हरणं’ म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने चितळ, सांबर आणि भेकर हे खरे मृग. त्यांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चौशिंगा आणि रोही म्हणजे नीलगाय हे कुरंग गटातले. त्यांची शिंगे पोकळ असतात आणि आयुष्यभर टिकतात. रोही हा आशियातला सर्वात मोठा कुरंग. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दोनशे किलोच्या वर जाते.

पिकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. काटेपूर्णा अभयारण्य ज्यांच्यासाठी ओळखले जाते, ते भेकर आणि चौशिंगा लाजरे प्राणी आहेत. ते एकेकटे किंवा जोडीने राहतात आणि झाडी सोडून फारसे दूर जात नाहीत. चितळाचा कळप जंगलाच्या काठावरच्या शेतात उतरतो. काळवीट मोकळ्या माळावरचा. वाशिम जिल्ह्यातले कारंजा-सोहोळ अभयारण्य त्याच्यासाठीच राखलेले आहे. तो आखूड गवत, कोवळा गहू, हरभरा चरतो. रोह्याला मात्र दाट जंगल लागत नाही. झुडपी रान, नाल्याकाठची बाभूळबन, पडीक जमीन एवढे त्याला दिवसभर लपायला पुरते. तो गवतही चरतो आणि झाडपालाही ओरबाडतो. पाण्यावाचून तो बराच काळ राहू शकतो, आणि मादीला बऱ्याचदा जुळी होतात. वऱ्हाडातले वावर आणि वावराशेजारचे पडीक हेच त्याचे घर झाले आहे.

हिरव्याची भूक

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. चारा पचवण्याचे खरे काम तेच करतात. त्या सूक्ष्मजीवांना प्रथिने लागतात. चाऱ्यातील प्रथिनांचे प्रमाण साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेले, की पोट भरलेले असूनही पचन मंदावते आणि जनावर खंगू लागते. पावसाळ्यातले कोवळे गवत ही गरज सहज भागवते. हिवाळ्यात तेच गवत वाळते, त्यातली प्रथिने घटतात आणि लाकूडपणा वाढतो.

नेमक्या त्याच वेळी वावरात द्विदल पिके हिरवी असतात. तूर, हरभरा आणि सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र ओढून घेतात, म्हणून त्यांची पाने, शेंडे आणि शेंगा प्रथिनांनी भरलेल्या असतात. रानातल्या सुक्या गवतापेक्षा तुरीचा एक शेंडा जनावराला कितीतरी जास्त देतो. आपण ज्या कारणासाठी डाळ खातो, त्याच कारणासाठी रोही तूर खातो. त्याला हुसकावणे अवघड जाते, त्याचे मूळ इथे आहे.

कपाशीचेही तसेच. तिच्या पानांत आणि सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. पण रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते. म्हणून रोही कपाशीचे शेंडे, पात्या आणि कोवळी बोंडे बिनदिक्कत खातो. बीटी वाणाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. ते प्रथिन बोंडअळीसाठी आहे.

पिकामागून पीक

रोह्याचे वर्ष पिकांच्या अवस्थांवर चालते. जून-जुलैत पेरणीनंतर सोयाबीन आणि कपाशीची रोपे वर येतात, तेव्हा पहिला फटका बसतो. ऑगस्टमध्ये रानात सगळीकडे हिरवळ असते, त्यामुळे दाब थोडा विखुरतो. तरी सोयाबीनचे वावर गवतापेक्षा सरस ठरते. सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीनचे पान पिवळे पडते. पानातला नत्र दाण्यात जातो आणि पानाची गोडी संपते. आता त्या वावरात रोह्यापेक्षा भरल्या शेंगांसाठी येणारे रानडुक्कर अधिक दिसते.

ऑक्टोबरात सोंगणी झाली, की हजारो एकरांवरचे हिरवे छत्र आठ-पंधरा दिवसांत नाहीसे होते. जनावरे मात्र तेवढीच राहतात. ती सगळी मग उरलेल्या तुरीच्या तासांवर आणि उगवत्या हरभऱ्यावर लोटतात. तालुक्यात सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेण्याची पद्धत आहे. अशा वावरात सोयाबीन निघाल्यावर तुरीच्या दोन ओळींमध्ये रुंद मोकळी वाट तयार होते आणि जनावराला चालायला, पळायला सोपे जाते. नोव्हेंबर ते जानेवारी हा सर्वात जास्त नुकसानीचा काळ आहे, तो यामुळे. कपाशीची उलंगवाडी झाल्यावर उरते ते विहिरीवरचे गहू, भाजीपाला आणि उन्हाळी भुईमूग. तिथे रोह्याबरोबर रानडुक्करही असतेच.

गेल्या तीन दशकांत वऱ्हाडात ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन पसरले. त्याची कारणे भाव, मजुरी आणि पाखरांचा त्रास अशी अनेक आहेत. पण जनावराच्या बाजूने पाहिले, तर आपण कडब्याचे पीक काढून प्रथिनांचे पीक लावले, आणि ते सगळे एकाच वेळी कापून न्यायचे ठरवले.

घास तोच, नुकसान वेगळे

कृषिशास्त्राने इथे एक उपयोगी गोष्ट दाखवली आहे. जनावराने किती खाल्ले, यापेक्षा कधी खाल्ले, यावर उत्पादनातली घट ठरते.

सोयाबीन आणि कपाशी उगवताना डाळिंब्या जमिनीच्या वर येतात, वाढीचा कोंब त्यांच्याबरोबर वर असतो. जनावराने तो डाळिंब्यांसकट खाल्ला, की रोप संपले. दुबार पेरणीशिवाय इलाज नाही. तूर आणि हरभऱ्याच्या डाळिंब्या मात्र जमिनीखालीच राहतात. वरचा कोंब गेला तरी खालून नवा फुटू शकतो.

पुढे तूर कंबरेएवढी होण्याआधी अनेक शेतकरी स्वतःच तिचे शेंडे खुडतात, म्हणजे फांद्या वाढतात. हरभऱ्याचेही कोवळे शेंडे खुडून भाजी करतात. या अवस्थेत रोह्याने थोडेफार शेंडे खाल्ले, तर पीक ते भरून काढू शकते. पण तोच घास डिसेंबरात फुलावर किंवा कोवळ्या शेंगेवर पडला, तर गोष्ट वेगळी. जमिनीतली ओल सरत आलेली असते. कोरडवाहू तुरीला नवा बहर काढायला ना पाणी उरते, ना दिवस. झाड उभे असते, हिरवेही असते, फक्त शेंगा नसतात.

पंचनाम्यातली मोठी अडचण हीच आहे. रानडुकराने लोळवलेला मका किंवा उकरलेला भुईमूग छायाचित्रात दिसतो. रोह्याने खुडलेले फूल दिसत नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरच्या गावांत मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या शोधपत्रिकेत आला. तिथेही मुख्य नुकसान रोही आणि रानडुक्कर यांचे होते आणि जंगलापासून दूर जावे तसे ते घटत होते. त्याचबरोबर नजरेने पाहून बांधलेला अंदाज आणि प्रत्यक्ष उत्पादनातली घट यांचा मेळ बसत नाही, हेही त्या अभ्यासाने दाखवले. नुकसान डोळ्यांनी नव्हे, तराजूने मोजावे लागते.

अमेरिकेतला शिकारी आणि आपला शेतकरी

कोणते पीक हरणाला सर्वात जास्त ओढते, हा प्रश्न अमेरिकेतही दरवर्षी विचारला जातो, पण उलट्या हेतूने. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा ठरावीक हंगाम असतो, मुख्यतः शरद ऋतू ते हिवाळ्याची सुरुवात. हंगामात हरणे आपल्या जमिनीवर यावीत म्हणून शिकारी खास तुकडे पेरतात. सोयाबीन, क्लोव्हरसारखा द्विदल चारा, ओट, सलगम ही त्यांची आवडती पिके. सोयाबीनचे पान पिवळे पडले की हरणे दुसरीकडे जातात, हा त्यांचाही अनुभव. मग थंडीत हिरवे राहणारे दुसरे काही शेजारी पेरून ते ही उणीव भरून काढतात. हरणासाठी मुद्दाम मांडलेले ते ताट आणि आपल्या वावरातले सोयाबीन-तूर-हरभरा यांत जनावराच्या दृष्टीने काही फरक नाही. आपण ते न ठरवता मांडतो.

दुसरा फरक कायद्याचा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचा हंगाम ही कल्पनाच संपली. गेल्या शतकात भारतातून गेलेल्या रोह्यांचे वंशज दक्षिण टेक्सासमध्ये आहेत. परदेशी प्राणी म्हणून तिथे त्यांची शिकार वर्षभर चालते. इथे काळवीट आणि चौशिंगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणात आहेत. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येतात. उभ्या पिकाला धोका असेल तर अशा प्राण्याला मारण्याची परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतात, आणि महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयाने रोही आणि रानडुकरासाठी त्याची पद्धत ठरवून दिली आहे. पण परवाना असलेली बंदूक आणि ती चालवणारा माणूस किती गावांत आहे? शिवाय बिहारचा अनुभव समोर आहे. तिथे रोह्याला उपद्रवी प्राणी ठरवल्यावर जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले. त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. पुढच्या वर्षांतही बिहारला पुन्हा नेमबाज बोलवावे लागले. खाणे जागेवर राहिले तर जागा रिकामी राहत नाही.

विमा कुठे अडेल

महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून पीक विम्यातली स्थानिक आपत्तीची भरपाई काढून टाकली आणि पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या उत्पादनावरच भरपाई ठेवली. हे उत्पादन महसूल मंडळाच्या सरासरीने धरले जाते. रोह्याचा त्रास मात्र मंडळभर सारखा नसतो. अभयारण्याच्या किंवा झुडपी रानाच्या काठावरची वीस-पंचवीस वावरे साफ होतात आणि गावाशेजारची वाचतात. सरासरीत काठावरच्या शेतकऱ्याचे नुकसान विरघळून जाते. म्हणून केंद्राने देऊ केलेले वन्यप्राण्यांचे संरक्षण राज्य घेते का, आणि अकोला जिल्हा व त्यातला रोही यादीत येतो का, याकडे लक्ष ठेवायला हवे.

ते घेतले तरी तीन गोष्टी नियमात याव्या लागतील. पहिली, ७२ तास कोणत्या रात्रीपासून मोजायचे? चाळीस रात्री चाललेल्या नुकसानीसाठी हंगामात एकदा नोंद आणि काढणीच्या वेळी मोजणी, अशी वेगळी तरतूद हवी. दुसरी, पिकाची अवस्था. फुलोऱ्यातल्या तुरीचे नुकसान पानांच्या टक्केवारीवर ठरवता येणार नाही. तिसरी, तुलनेसाठी राखलेला तुकडा.

ही तिसरी गोष्ट शेतकरी स्वतःही करू शकतो. वावरात दोन-तीन ठिकाणी पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद चौकोन जाळीने किंवा तारेने पक्का बंद करायचा. काढणीला त्यातली तूर वेगळी झोडायची आणि शेजारच्या तेवढ्याच उघड्या जागेतली वेगळी. समजा, आत अडीच किलो भरली आणि बाहेर दीड. पंचवीस चौरस मीटरला एक किलोची घट म्हणजे एकराला सुमारे १६२ किलो. २०२५-२६ च्या ८,००० रुपये क्विंटल हमीभावाने हे जवळपास १३,००० रुपये होतात. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण पद्धत प्रयोगशाळेतली आहे आणि तिला तराजूपलीकडे काही लागत नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग यांनी काठावरच्या गावांत असे चौकोन राखले, तर विमा कंपनीशी वाद घालायला अंदाज नव्हे, वजन हाती असेल.

कोणी खाल्ले, याचा पुरावाही वावरातच असतो. रोही-हरणांना वरचे पुढचे दात नसतात, म्हणून त्यांनी खुडलेली देठे ओरबाडल्यासारखी, फाटलेली दिसतात. सशाने कुरतडलेले देठ सुरीने तिरपे कापल्यासारखे असते. रानडुक्कर जमीन उकरते. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे त्यांचा ढीग साचतो. छायाचित्रात हे सारे घेतले पाहिजे.

पीक बदलून भागेल का?

काही पिके जनावराला नकोशी असतात. हळद, आले आणि एरंड यांना त्रास कमी. वाशिम जिल्ह्यात अलीकडे चियाची लागवड वाढली आहे. तुळशीच्या कुळातल्या या पिकाच्या पानाला उग्र तेलकट वास असतो, जनावर सहसा तोंड लावत नाही. कडेने करडईच्या काही ओळी लावायची रीत जुनीच. मात्र करडईला काटे उशिरा येतात आणि कोवळेपणी तिची भाजी माणूसही खातो. त्यामुळे कडेची करडई मुख्य पिकाच्या आधी पेरली, तरच उपयोग. बिनकाट्याचे वाणही बाजारात आहेत, ते कुंपणासाठी निरुपयोगी.

पण सगळ्यांनी तूर सोडून चिया लावणे हा उपाय नाही. बाजार तेवढा मोठा नाही आणि डाळ लागतेच. एकट्याने पीक बदलले तर रोही शेजारच्या वावरात जातो. एकट्याने कुंपण केले तरी तेच. म्हणून सौर कुंपणासाठीचे अनुदान एकेका वावराऐवजी शिवाराच्या काठाने, सामूहिकरीत्या वापरणे शहाणपणाचे. सौर कुंपणात क्षणभराचा झटका बसतो, जीव जात नाही. थेट विजेच्या तारेचा प्रवाह तारेत सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्यात जनावराइतकाच शेजारचा शेतकरी मरतो.

जागलीची किंमत

कोणत्याही भरपाईत न येणारा एक खर्च राहतो, तो शरीराचा. दिवसभर राबून रात्र मळ्यात काढणाऱ्या माणसाची महिना-दोन महिने झोप तुटते. रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्याला ती अधिक महागात पडते. त्यात सापाची भीती. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक ग्रामीण भागातली. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. जागलीला जाणाऱ्याने जमिनीवर न झोपता खाट किंवा मचाण वापरावे, मच्छरदाणी गादीखाली खोचावी, बॅटरी आणि बूट जवळ ठेवावेत. दंशाचा संशय आला तरी कापणे, आवळून बांधणे, मांत्रिक यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

रोही आपल्या वेळापत्रकाने येतच राहणार आहे. सोयाबीन निघाले की तूर, तुरीशेजारी हरभरा. हे वेळापत्रक आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आता ते विम्याच्या नियमातही उतरले पाहिजे. राज्याची अधिसूचना निघण्याआधी ग्रामसभेने ठराव करून आपले काठावरचे गट क्रमांक, पीक आणि नुकसानीचे महिने कृषी विभागाकडे लेखी दिले, तर पुढच्या डिसेंबरात जागल करणाऱ्याच्या हाती काठी आणि बॅटरीशिवाय आणखी काही असेल.